खिशातला सेल आणि मी न विचारलेला प्रश्न



आजचा लेख व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल आहे. पण तिच्या धुरापेक्षा तिच्या आतल्या बॅटरीबद्दल जास्त आहे. “आपल्या परतूरमध्ये कोण व्हेप ओढतं, डॉक्टर?” असं तुम्ही म्हणाल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तेच म्हणायचो. मागच्या दिवाळीत एका संध्याकाळी माझं मत बदललं, आणि त्यात थोडी चूक माझीही होती. म्हणून आधी ती हकीकत सांगतो. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा एक वीस वर्षांचा मुलगा सुट्टीला गावी आला होता. त्याचे चुलते त्याला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन आले. उजव्या मांडीवर जीन्सला मोठं भोक, कडा काळ्या झालेल्या, आणि आतल्या कातडीवर पांढऱ्या टूथपेस्टचा जाड थर.

“काय झालं?”

“मोबाईल फुटला ओ डॉक्टरसाहेब खिशात,” चुलते म्हणाले. मुलगा खाली मान घालून बसला होता.

मी पेस्ट पुसायला घेतली, तेवढ्यात त्याच्या डाव्या खिशातून रिंगटोन वाजली. घरून फोन होता. फुटलेला मोबाईल वाजत नसतो. मी काही बोललो नाही. चुलत्यांना औषधाची चिठ्ठी देऊन मेडिकलवर पाठवलं आणि मग मुलाला विचारलं, “आता सांग, खिशात काय होतं?”

“सेल होता सर. व्हेपचा. बदलीचा.” थोडं थांबून म्हणाला, “बाबांना सांगू नका ना.”

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल होता तो. वरचं प्लास्टिकचं वेष्टन एका कडेला फाटलेलं. त्याच खिशात गाडीची किल्ली आणि थोडी चिल्लर. गाडीला किक मारली, आणि पुढच्या काही सेकंदांत मांडीवर आगीची पिचकारी उडाली.

‘मोबाईल फुटला’ आणि ‘सेल फुटला’ यात एवढा काय फरक, असं वाटेल. खरं तर मोबाईलची बॅटरीही याच जातीची असते. फरक असा पडला की खरं लपवायच्या नादात घरच्या कोणीच जखम पाण्याने धुतली नव्हती. पेस्ट लावली, अर्धा तास ‘काय सांगायचं’ यात गेला, आणि तोवर सेलमधलं रसायन कातडीवर तसंच राहिलं. पेस्ट काढून जखम एकदा धुतल्यावर मी लघवी तपासायची पट्टी तिथे टेकवली. त्या पट्टीवर आम्ल की अल्कली हे दाखवणारा एक चौकोन असतो. लहान गावातल्या दवाखान्यात अशीच युक्ती चालवावी लागते. चौकोन गडद निळसर हिरवा झाला, म्हणजे अल्कली.

अल्कलीने भाजणं म्हणजे काय, हे तंबाखू मळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. चुना तोंडात जास्त झाला तर काय होतं ते आठवा. आगीची धग विझली की जळणं थांबतं, पण अल्कली धुऊन निघेपर्यंत आत-आत उतरत राहतं. अर्ध्या तासाच्या धुण्यानंतर पट्टी ताळ्यावर आली. मुलाला पुढे संभाजीनगरला पाठवावं लागलं आणि मांडीवर त्वचारोपण करावं लागलं. आता तो बरा आहे, चालतो, खेळतो. व्रण मात्र राहणार.

आता माझी चूक. त्याच्या आधी सहा महिने, उन्हाळ्यात, याच मुलाचे वडील माझ्याकडे आले होते. बॅगेत ‘पेनड्राइव्हसारखं काहीतरी’ सापडलं म्हणून विचारत होते. मी त्यांना निकोटीन, फुफ्फुसं, व्यसन, कायदा यावर दहा मिनिटं भाषण दिलं. बॅटरीबद्दल एक शब्द काढला नाही. ‘ती चार्ज कशी करतो? सेल वेगळा निघतो का?’ एवढं विचारलं असतं तर त्या मांडीचं रोपण टळलं असतं, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण विचारायला हवं होतं. तो राहिलेला प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो.

बॅटरीतून किती करंट जातो, हे कोण ठरवतं?

आपल्याकडे टॉर्चलाही ‘बॅटरी’ म्हणतात, म्हणून मी इथे ‘सेल’ म्हणतो. सुटा निघणाऱ्या सेलच्या व्हेपमध्ये बहुतेक वेळा ‘१८६५०’ जातीचा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. पूर्ण चार्ज झाला की त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो.

व्हेपमध्ये एक छोटी तार गुंडाळलेली असते, तिला कॉइल म्हणतात. बटण दाबलं किंवा ओढलं की सेलमधून कॉइलमध्ये करंट जातो, कॉइल तापते आणि निकोटीनच्या द्रवाची वाफ होते. पाणी तापवायच्या हीटरचंच लहान रूप.

किती करंट जाणार? शाळेतला ओहमचा नियम आठवा. व्होल्टला रोधाने भागलं की अँपियर मिळतात.

कॉइलचा रोध १.५ ओहम असेल तर ४.२ भागिले १.५, म्हणजे २.८ अँपियर.
रोध ०.५ ओहम असेल तर ८.४ अँपियर.
रोध ०.१५ ओहम असेल तर हिशोबाने २८ अँपियर.

म्हणजे कॉइलचा रोध जितका कमी, तितका करंट जास्त. जास्त धूर निघावा म्हणून मुलं कमी रोधाची कॉइल लावतात. सेल तुम्हाला ‘नाही’ म्हणत नाही. मागितलं तेवढं द्यायला जातो, आणि त्याची ताकद संपली की तापतो.

शेतकरी मित्रांना हे लगेच कळेल. पाच एचपीच्या थ्री फेज मोटारीला घरातली बारीक वायर जोडली तर मोटार तक्रार करत नाही. ती आपल्याला हवा तेवढा करंट घेते, आणि जळते ती वायर. पाच एचपीची मोटार भरल्या लोडवर एका फेजला साधारण सात-साडेसात अँपियर घेते. अंगठ्याएवढ्या सेलमधून २० अँपियर काढायचे म्हणजे काय, याचा अंदाज यावरून करा. अर्थात मोटारीचे व्होल्ट खूप जास्त, त्यामुळे तिची एकूण शक्तीही खूप जास्त. पण तार किंवा सेल तापतो तो अँपियरमुळे.

दहापट करंट, शंभरपट उष्णता

हा लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे. प्रत्येक सेलला आतून स्वतःचाही थोडा रोध असतो. समजा तो ०.०२५ ओहम आहे. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ अँपियर काढले तर सेलच्या पोटात ०.१ वॅट उष्णता तयार होते. हाताला जाणवणारही नाही. २० अँपियर काढले तर तीच उष्णता १० वॅट होते. करंट दहापट, उष्णता शंभरपट.

म्हणूनच प्रत्येक सेलची एक मर्यादा कंपनीने ठरवलेली असते: सतत किती अँपियर काढायचे. काही सेल २० अँपियर सोसतात. लॅपटॉप किंवा पॉवर बँकेतले बरेच सेल सावकाश वापरासाठी असतात आणि त्याच्या निम्म्यानेही काढले तर तापतात. दिसायला दोन्ही अगदी सारखे.

इथे लोक एका आकड्याला फसतात. सेलवर मोठ्या अक्षरात ‘एमएएच’ लिहिलेलं असतं. ते टाकीत पाणी किती हे सांगतं. पाइप किती मोठा, म्हणजे अँपियर किती, हे सांगत नाही. मोठ्या टाकीला अर्धा इंची नळ असू शकतो. शिवाय बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल मिळतात. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये ३५००-३६०० च्या आसपास मावतं. नऊ हजार लिहिलंय म्हणजे छापणाऱ्यानेच खोटं बोललंय. असा सेल पॉवर बँकेतही नको आणि व्हेपमध्ये तर नकोच.

बॅटरी उतरली की धोका कमी होतो का?

उलट आहे. काही व्हेपमध्ये वॅट ठरवून द्यायची सोय असते. समजा ४० वॅट लावले. सेल भरलेला, ४.२ व्होल्टवर असताना साधारण ९.५ अँपियर लागतात. सेल उतरून ३.२ व्होल्टवर आला की तेवढ्याच वॅटसाठी १२.५ अँपियर लागतात. दाब कमी झाला म्हणून ओढ वाढली.

उन्हाळ्यात व्होल्टेज कमी असताना विहिरीवरची मोटार का जळते? हेच कारण. कमी व्होल्टवर तेवढंच काम करायला मोटार जास्त अँपियर घेते. तिथे आपण स्टार्टर बसवतो, तो ट्रिप होतो. चांगल्या उपकरणातही असं एक छोटं संरक्षक सर्किट असतं. पण काही व्हेप नुसती नळी, सेल आणि बटण एवढीच असतात. स्टार्टर नाही, फ्यूज नाही. ओहमचा नियम आणि तुम्ही, एवढेच दोघं.

मग त्या मुलाच्या खिशात काय झालं?

तिथे तर कॉइलही नव्हती. सेलचं बाहेरचं सगळं धातूचं डबडं ऋण टोक असतं. धन टोक वरच्या बाजूला मध्यभागी असतं, आणि दोघांना वेगळं ठेवायला तिथे एक पातळ चकती आणि वरचं वेष्टन एवढंच असतं. वेष्टन फाटलं, किल्लीचं एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे टेकलं. किल्लीचा रोध जवळजवळ शून्य. मग करंटला अडवायला फक्त सेलचा स्वतःचा रोध उरतो. ४.२ ला ०.०२५ ने भागा, दीडशेच्या वर अँपियर येतात. क्षणभरच, पण तेवढं पुरतं.

सेलमध्ये दोन टोकांच्या मध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो. साधारण १३० अंशांच्या पुढे तो वितळतो. मग आतल्या आत शॉर्ट होतो, अजून उष्णता, अजून वायू, आणि झाकणातून पेटता वायू बाहेर. सेल व्हेपच्या बंद नळीत असेल तर वायूला वाट मिळत नाही आणि नळीच बंदुकीसारखी सुटते. २०१८ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये आणि २०१९ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थमध्ये व्हेपच्या स्फोटाने माणसं दगावली आहेत.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या अशा १९५ घटना गोळा केल्या. त्यांत १३३ जणांना इजा झाली. ६१ वेळा व्हेप किंवा सुटा सेल खिशात होता, ६० वेळा वापर चालू होता, ४८ वेळा चार्जिंग चालू होतं. म्हणजे ओढताना जितका धोका, तितकाच नुसतं खिशात बाळगताना.

आणि हे फक्त व्हेपचं नाही. रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला जाताना आपण डोक्याला जो चार्जिंगचा टॉर्च लावतो, त्यातही बऱ्याचदा हाच १८६५० सेल असतो. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. सेलचा कुटुंबकबिला एकच, फक्त आकार वेगळे.

“डॉक्टर, बंदी आहे ना?”

आहे. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. विक्रीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कुठे मिळते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बंदीचा माल येतो तो लपून येतो. बंद सेलसाठी भारतात आयएस १६०४६ हे मानक आहे, त्याची नोंदणी लागते. लपून आलेल्या व्हेपला कोण मानक लावणार? आणि फुटलं तर ग्राहक तक्रार कुठे करणार?

हा लेख लिहू की नको, असा विचार मी बरेच दिवस केला. ‘सुरक्षित व्हेप कसं ओढावं’ असं कोणी वाचू नये. माझं मत स्पष्ट आहे: व्हेप ओढू नका. निकोटीनची सवय लावणारी वस्तू आहे ती. ज्याला सोडायचं आहे त्याने १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर मोफत फोन करावा, किंवा सरळ माझ्याकडे यावं. पण घरातल्या मुलाकडे ती असेल, आणि आपण फक्त ‘वाईट आहे’ म्हणून थांबलो, तर मुलगा ती अजून खोल खिशात लपवतो. किल्लीच्या शेजारी.

घरात ही काळजी घ्या

सुटा सेल खिशात, पर्समध्ये, स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये मोकळा टाकू नका. प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

वेष्टनाला छोटी चीर पडली असली तरी तो सेल वापरू नका.

लॅपटॉप, पॉवर बँक, जुनं खेळणं यांतून काढलेला सेल दुसऱ्या उपकरणात घालू नका. एकदाच वापरून टाकायचं व्हेप फोडून आतला सेल चार्ज करू नका.

चार्जिंग गादीवर, उशीखाली, देवघराच्या कपड्याजवळ नको. फरशीवर, डोळ्यासमोर, जागेपणी. ज्याचा चार्जर त्यालाच लावा.

मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या टपावर सेलवालं काहीच ठेवू नका.

सेल फुगला, गळला, उग्र गोडसर वास आला, वापर नसताना तापला, तर टोचू नका, दाबू नका. बाहेर मोकळ्या जागी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

फुटलाच तर

प्लगला लावलेला असेल तर आधी मुख्य बटण बंद करा. मग भरपूर पाणी टाका. या सेलला पाणी चालतं, ते त्याला थंड करतं. धूर विषारी असतो, मुलांना बाहेर न्या.

अंगावर उडालं तर तिथला कपडा लगेच काढा, चिकटला असेल तर ओढू नका. निदान २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हापसा असो, नळ असो की मोटारीचा पाइप. पेस्ट, शाई, तूप, हळद, बर्फ काही नाही. डोळ्यात उडालं तर डोळा उघडा धरून धूत राहा. तोंडावर, हातावर, जांघेत भाजलं असेल किंवा धुरानंतर खोकला, धाप लागली असेल तर जखम लहान दिसली तरी दवाखाना गाठा.

आणि दारातून आत येताच पहिलं वाक्य हे बोला: “डॉक्टर, बॅटरी फुटली.” कशाची, कुणाची, कुठून आणली, हे नंतर. जखम किती वेळ धुवायची, हे मी त्या एका शब्दावरून ठरवणार असतो.

त्या मुलाचे वडील नंतर भेटले. चिडलेले होते, पण मुलावर नाही. म्हणाले, “डॉक्टर, आमच्या मळ्यात मोटारीला कोणती केबल लागते हे मला विचारा, झोपेत सांगीन. पण पोराच्या खिशात काय आहे ते मला माहीत नव्हतं.”

मलाही नव्हतं. आता माझ्या ओपीडीत कोणी मुलाच्या व्हेपबद्दल विचारायला आलं की फुफ्फुसाचं भाषण मी दुसऱ्या नंबरवर ठेवलं आहे. पहिला प्रश्न असतो: “त्यातला सेल सुटा निघतो का? आणि तो आत्ता कुठे आहे?”

आज रात्री जेवताना तुम्हीही घरात विचारून बघा. रागवायचं नाही, नुसतं विचारायचं.

काळजी घ्या.